सत्काराला न थांबलेली माणसं

आबा आले तो जून महिना होता. टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये त्या दिवसांत सकाळी उठून दार उघडलं तरी तोंडावर गरम हवा यायची. आबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडच्या एका खेड्यातले, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या मांडीत लोखंडाचा तुकडा शिरला होता. तो काढण्यापेक्षा आत राहिलेला बरा असं तेव्हाच्या डॉक्टरांनी ठरवलं, त्यामुळे ते डावा पाय किंचित ओढत चालत.

मधे विमान बदलताना तपासणीच्या चौकटीत तो तुकडा वाजला. त्यांना बाजूला घेतलं, बूट काढायला लावले, पट्टा काढायला लावला, पुन्हा पुन्हा तपासलं. पुढचं विमान चुकलं आणि आम्ही डॅलसच्या विमानतळावर अर्धा दिवस येरझाऱ्या घालत बसलो. ते बाहेर आले तेव्हा माझ्या नवऱ्याचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"साठीच्या म्हाताऱ्या माणसाला असं वागवतात?"

"वाजलं म्हंजे बघणारच की," आबा म्हणाले. "न बघता सोडलं असतं तर मलाच काळजी लागली असती."

दोन हजार चार साल होतं. इराकमधल्या युद्धाचा दुसरा उन्हाळा. टीव्हीच्या खालच्या पट्टीत देशाला धोका किती ते रंगांत सांगत. कधी पिवळा, कधी नारिंगी. रंग बदलला की आमच्यासारख्या घरांत माणसं उगाच हळू बोलायला लागत. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. नवरा कंपनीच्या व्हिसावर आणि मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे मला काम करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथे मी दिवसातून दोनदा ओटा पुसत होते आणि गाडी घेऊन विनाकारण दुकानात जाऊन येत होते. मुलगी दुसरीत. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

आबा पहाटे उठून फिरायला जायचे. डोक्यावर पांढरी टोपी, हातात गावाहून आणलेली काठी. काठी ते टेकत नसत, बगलेत धरत. एका सकाळी दाराची बेल वाजली आणि दारात दोन पोलीस उभे. त्यांच्या मधे आबा. गाडीचे दिवे अजून फिरत होते, आणि समोरच्या, बाजूच्या घरांच्या खिडक्यांमधून लोक बघत होते.

पोलीस सभ्य होते. हे तुमचेच का, कुठून आलेत, किती दिवस राहणार. मी पासपोर्ट आणून दाखवला. त्यांचं म्हणणं असं की हे गृहस्थ रोज सकाळी पाण्याच्या टाकीच्या कुंपणाशी उभे राहून वर बघत असतात. एका शेजाऱ्यानं फोन केला.

"आबा, टाकीपाशी काय करत होता?" ते गेल्यावर मी विचारलं.

"पहारेकरी कुठं हाय ते बघत होतो. एवढ्या वस्तीचं पाणी, अन् पहाऱ्याला माणूस न्हाई. चार दिशांनी हिंडून बघितलं. कोण न्हाई."

नवरा दुपारी ऑफिसातून लवकर आला. "आबा, इथे असं उभं राहून काही बघायचं नाही. चालायचं. थांबायचं नाही. आमचं सगळं लटकलेलं आहे इथे, कळतंय ना?"

संध्याकाळी आबांनी मला विचारलं, "सूनबाई, फोन कुणी केला?"

ते मला ठाऊक होतं. पोलिसांची गाडी उभी होती तेव्हा समोरच्या घराचे काका आपल्या गॅरेजच्या दारात उभे राहून बघत होते. इतरांसारखे पडद्याआडून नाही, सरळ बाहेर येऊन. आम्ही त्या घरात राहायला आल्यापासून त्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे संबंध आला नव्हता. उंच, पोट सुटलेले, सदोदित एकच टोपी घालणारे. त्यांच्या बायकोला मी ओळखत होते, कारण त्या माझ्या मुलीच्या शाळेत मुलांना जेवण वाढायच्या. मी बोट दाखवलं. आबांनी काठी उचलली आणि रस्ता ओलांडला. मी चपला पायात सरकवत मागे धावले.

समोरचे काका गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. आबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या फौजी इंग्रजीत म्हणाले, "यू कॉल्ड पोलीस. यू डिड करेक्ट."

काका उठले. त्यांना वाटलं असावं की भांडण होणार. ते माझ्याकडे बघायला लागले.

"मी तुमचा सेंट्री शोधत होतो," आबा म्हणाले. "तुमच्या टाकीला सेंट्री नाही. आता कळलं, तुम्हीच आहात."

काकांना हसू आवरेना. हसता हसता त्यांची नजर आबांच्या पायाकडे गेली. "हे कुठे झालं?" त्यांनी विचारलं. आबांनी सांगितलं. काकांनी दुसरी खुर्ची उघडली. ते स्वतः व्हिएतनामला जाऊन आले होते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आबांची संध्याकाळ त्या गॅरेजमध्ये जायला लागली. दार वर उघडलेलं, मोठा पंखा लावलेला, दोन खुर्च्या. मी खिडकीतून बघायची. ते फारसं बोलत नसत. काका अवजारं पुसायचे, आबा ती परत जागेवर लावायचे. काका त्यांना सार्जंट म्हणायचे. सुभेदार हा हुद्दा सार्जंटच्या वरचा असतो हे आबांनी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. नवऱ्याला ही मैत्री पसंत नव्हती. "ज्यानं पोलीस बोलावले त्याच्याकडे रोज जाऊन काय बसायचं?" असं तो माझ्याकडे कुरकुरायचा, आबांना मात्र म्हणायचा नाही.

त्याच घरात एक तिसरा माणूस होता. त्यांचा मुलगा, पंचविशीचा. इराकमध्ये लष्कराचे ट्रक चालवून तो वसंतात परत आला होता. परत आला तेव्हा त्यांच्या दारातल्या झाडाला, सैनिक सुखरूप परत यावा म्हणून बांधतात ती पिवळी फीत बांधलेली होती आणि बरीच माणसं जमली होती, ते मी पाहिलं होतं. नंतर तो दिसेनासा झाला. दिसला तर सकाळी लवकर घराभोवती फेऱ्या मारताना. चालायचा, थांबायचा, कुंपणापलीकडे बघायचा, परत चालायचा. आबांनी त्याला बघून एकदाच म्हटलं, "ह्याची ड्यूटी संपली असं ह्याला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी समोरच्या काकू आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या कडेला बसल्या, पर्स मांडीवर धरून. डॅलसच्या दक्षिणेला माजी सैनिकांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे मुलाला दर आठवड्याला न्यायचं आहे. त्यांना शाळेतून रजा मिळत नव्हती. काकांनी एकदा नेलं, पण वाटेत बापलेकांचं काहीतरी झालं आणि ते अर्ध्यातून परत आले. मुलगा स्वतः गाडी चालवायला तयार नव्हता.

"तुम्ही दिवसा घरी असता," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच ते बोलणं बरं वाटलं नसावं. "म्हणजे, जमलं तर."

जमत होतं. मला कुठेतरी जायलाच हवं होतं. आबा लगेच म्हणाले, मी पण येतो.

वाटेतलं काहीतरी म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मुलगा मागच्या सीटवर बसला होता, शांत, हवेबद्दल बोलत होता. हायवेवर पहिला पूल डोक्यावरून आडवा गेला तेव्हा तो एकदम पुढे झुकला आणि ओरडला, "लेन बदला! लेन बदला!" मी घाबरून स्टिअरिंग फिरवलं. शेजारच्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. पूल मागे गेला. मुलगा दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. "सॉरी मॅम," तो म्हणत होता, "सॉरी, सॉरी."

मी पहिल्या वळणावर बाहेर पडले आणि एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केली. त्यानं सांगितलं ते असं. तिकडे पुलावरून ट्रकवर काहीही टाकायचे. म्हणून ड्रायव्हरनं पुलाखाली एका लेनमधून शिरायचं आणि दुसऱ्या लेनमधून बाहेर पडायचं, म्हणजे वरच्या माणसाचा अंदाज चुकतो. हे त्याच्या हातापायात बसलं होतं. हे अमेरिका आहे, हे डॅलस आहे, सगळं त्याला माहीत होतं. ते तो दहादा म्हणाला.

मी आतल्या रस्त्यांनी जायचं ठरवलं. पण त्या शहरात पुलाखालून न जाता कुठेच जाता येत नाही. एक रस्ता सापडला, त्यावर गर्दी कमी, आणि एकच मोठा पूल, वरून हायवे जाणारा. तो लांबून दिसायला लागला तसा मागून श्वासाचा आवाज यायला लागला. आबा म्हणाले, "सूनबाई, गाडी कडेला घे."

"का?"

"घे म्हंतो ना."

मी गाडी थांबवली. आबा उतरले, काठी बगलेत मारली आणि पुलाकडे चालायला लागले. पाय ओढत, पण ताठ. पुलाच्या अलीकडे थांबून त्यांनी कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग खाली शिरले, वर बघितलं, खांबांच्या मागे डोकावले, पलीकडच्या बाजूला जाऊन पुन्हा मान वर करून बघितलं. परत अलीकडे आले आणि हात उंच करून पुढे या अशी खूण केली.

मागचा मुलगा ते सगळं बघत होता. "ही इज क्लिअरिंग इट," तो हळूच म्हणाला.

मी गाडी पुढे घेतली, आबांना पुलाच्या तोंडाशीच आत घेतलं आणि आम्ही पार झालो. मुलानं डोळे मिटले नाहीत. पलीकडे ऊन होतं. मला हसू यायला लागलं होतं, आणि तेवढ्यात मागे सायरन वाजला.

कुणीतरी पुन्हा फोन केला होता. पांढऱ्या टोपीतला परदेशी माणूस पुलाचे खांब तपासतोय. तो पोलीस तरुण होता आणि सभ्य नव्हता. गाडीची किल्ली बाहेर टाका. हात दिसतील असे ठेवा. माझं लायसन्स घेऊन तो बराच वेळ त्याच्या गाडीत बसला. दुसरी गाडी आली. आबांचा पासपोर्ट घरी होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आता सगळं संपलं, आता परत जावं लागणार. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, फ्रीजमध्ये भिजवून ठेवलेल्या डाळीचं काय करायचं असंही येत होतं.

पोलिसानं आबांना गाडीतून उतरायला सांगितलं, बॉनेटवर हात ठेवायला सांगितलं. तापलेला पत्रा होता. आबांनी हात ठेवले. तेव्हा मागचं दार उघडलं आणि मुलगा हात वर करून बाहेर आला.

"सर, हे माझ्यासाठी करत होते," तो म्हणाला. "मला पुलाखालून जाता येत नाही. मी ट्रक चालवायचो. तिकडे." त्यानं खिशात काय आहे ते आधी सांगून मग आपलं लष्कराचं कार्ड काढलं. त्याचा आवाज अगदी स्थिर होता. गाडीत बसून डोकं धरणारा माणूस तो नव्हताच.

पोलिसानं कार्ड पाहिलं, पुन्हा आबांकडे पाहिलं. "यांनाही काही लष्कराची पार्श्वभूमी आहे का?"

"हो सर. यांचं मेटल अजून आत आहे."

त्यानं माफी मागितली नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करू नका, पुलांजवळ पायी हिंडू नका, दिवस चांगले नाहीत, एवढं बोलून तो गेला. आबांचे तळवे लाल झाले होते. हॉस्पिटलमध्ये आम्ही उशिरा पोहोचलो तरी मुलाला आत घेतलं. बाहेर बसलेल्या माणसांमध्ये आबा जाऊन बसले, सगळ्या वयांची माणसं, कुणाला पाय नाही, कुणाला सगळं आहे तरी टाचा एकसारख्या जमिनीवर आपटतायत. मला तिथे बसवेना. मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले, मग आत आले, मग पुन्हा बाहेर गेले.

घरी त्यावरून व्हायचं ते भांडण झालं. नवरा म्हणाला, "पोलिसांच्या कॉम्प्युटरमध्ये आता तुझं नाव गेलं. आबांचं गेलं. कुणासाठी? आपण इथले कोण?"

"मग त्याला कोण नेणार?"

"त्यांचं सरकार नेईल. ज्यांनी पाठवलं ते नेतील."

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गाडी काढली, एवढंच. या वेळी आबा उतरले नाहीत. पूल जवळ आला की त्यांनी मुलाला पुढे बोलावल्यासारखं करून विचारायचं, वर कोण दिसतंय का सांग. तो काचेतून बघून सांगायचा, कठडा मोकळा, डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं. आम्ही पार व्हायचो. कधी जमायचं, कधी जमायचं नाही.

सप्टेंबर संपत आला तशी निवडणूक तापली. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतसुद्धा पुरुष मंडळी प्रसादाची ताटं हातात घेऊन इराकवर वाद घालत होती. त्यातल्या बहुतेकांना मतदानाचा हक्क नव्हता. आवाज मात्र सगळ्यांचे चढलेले. आबांना कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही तर लढाई बघितलीय. तुम्हाला काय वाटतं?" आबा म्हणाले, "मला वाटतं पंगत कधी बसणार ते बघावं." लोक हसले. गाडीत बसल्यावर ते आपल्याशीच म्हणाले, "पाठवणाऱ्याला इचारा की. मला काय इचारता."

समोरच्या घरापुढे हिरवळीवर दोन पाट्या लागल्या. काकांची राष्ट्राध्यक्षांच्या बाजूची आणि तिच्याशेजारी काकूंची विरोधी उमेदवाराची. दोघं एकमेकांशी त्याबद्दल बोलत नसत, पण रोज सकाळी कुणीतरी आपली पाटी थोडी पुढे सरकवलेली असायची. एके दिवशी मुलानं दोन्ही उपटल्या आणि गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्या. आईवडिलांनी पाहिलं. कुणी परत लावल्या नाहीत.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. काका जिंकले, काकू हरल्या, आणि मुलाचं हॉस्पिटल चालूच राहिलं. त्याच महिन्यात माजी सैनिकांचा दिवस येतो. मुलीच्या शाळेत त्या दिवशी कार्यक्रम असे. मुलं गाणी म्हणत, वस्तीतल्या माजी सैनिकांना बोलावून त्यांचा सन्मान करत. काकूंनी आपल्या नवऱ्याला आणि मुलाला कसंबसं तयार केलं होतं. व्हिएतनामहून आल्यापासून काका असल्या कार्यक्रमाला एकदाही गेले नव्हते. ते म्हणाले, सार्जंट येत असेल तर येतो. आबांनी कोट घातला, ट्रंकेतून आणलेली पदकं लावली, आणि आम्ही सगळे शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये, लोखंडी खुर्च्यांवर जाऊन बसलो. मुलगा अगदी कडेला, दाराजवळ.

गाणी म्हणण्यात माझ्या मुलीच्या वर्गाचा नंबर तिसरा होता. ती स्टेजच्या बाजूला कागदी झेंडा घेऊन उभी होती आणि मला शोधत होती. मी हात हलवला.

मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "ज्यांनी ज्यांनी सैन्यात सेवा केली आहे त्यांनी कृपया उभं राहावं." खुर्च्या सरकल्या. म्हातारे उभे राहिले, एक बाई उभी राहिली, आणि आबा ताडकन सावधान उभे राहिले. कुणाचं सैन्य, कुणाची सेवा, ते त्या बाईंनी सांगितलं नव्हतं आणि आबांनी विचारलं नव्हतं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ त्यांच्या पदकांकडे निरखून बघत होते. काका बसूनच होते. मग त्यांनी आबांकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून तेही उठले. टाळ्या सुरू झाल्या. आणि टाळ्यांबरोबर वरच्या वर्गातल्या मुलांनी ड्रम वाजवायला घेतले.

बंद जिममध्ये तो आवाज भिंतींवर आपटत होता. मी दाराकडे पाहिलं. मुलाची खुर्ची रिकामी होती, दार हलत होतं. पुढे बघते तर आबा निघाले होते. टाळ्या चालू असताना, बाकीचे माजी सैनिक उभे असताना, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत. मीही उठले. स्टेजच्या बाजूला कागदी झेंडा खाली आलेला मला दिसला, पण आबांचं इंग्रजी बाहेर पुरणार नव्हतं.

मुलगा पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे जमिनीवर बसला होता. आबा त्याच्याशेजारी बसले, कोटासकट. पाय लांब करायला त्यांना वेळ लागला. आतून ड्रम ऐकू येत होते.

"मी जाऊन माफी मागतो," मुलगा म्हणाला. "लहान मुलं आहेत. त्यांनी काय केलंय?"

"कशाची माफी?" आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, ह्याला सांग. मी बी पळालो होतो."

आणि आबा बोलायला लागले. मी इंग्रजीत सांगत होते, मधे मधे अडत होते.

लढाईनंतर पाय बरा झाल्यावर त्यांना पहिली रजा मिळाली. गावानं मिरवणुकीची तयारी केली होती. फाट्यावर बैलगाडी सजवून उभी केली, गुलाल आणला, लेझीम खेळणारी पोरं, हलगी, ताशा. आबा एस.टी.तून उतरले आणि हलगी कडाडली.

"हलगी म्हणजे?" मुलानं विचारलं.

"चामड्याचं वाद्य. लहान असतं, पण आवाज फार मोठा."

"आतल्यासारखा?"

"आतल्यापेक्षा मोठा."

मग कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्यापुढचं आबांना आठवत नव्हतं. भानावर आले तेव्हा ते उसात होते, पालथे पडलेले, पानांनी हात कापलेले. लांब मिरवणूक चाललेली ऐकू येत होती. गावानं थोडा वेळ वाट पाहिली. मग सजवलेल्या गाडीत त्यांच्या वडिलांना बसवलं आणि हार त्यांच्या गळ्यात घातले. अंधार पडल्यावर आबा घरी गेले. वडिलांनी एवढंच विचारलं, जेवलास का?

"मग काय झालं?" मुलगा म्हणाला.

"मग काय. दोन वर्षं रजेवर आलो की गोठ्यात झोपायचो. घरात छत अंगावर यायचं. बैलं बरी. बैलं काय इचारत न्हाईत."

"आणि गेलं ते?"

आबांनी विचार केला. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "सगळं न्हाई गेलं. त्याला सांग. खोटं सांगू नको. कमी झालं. हलगी वाजली की अजून मी मागं जाऊन उभा ऱ्हातो. पण उसात जात न्हाई."

मुलानं ते ऐकून घेतलं. काही वेळानं त्यानं आबांना हात देऊन उठवलं. आत परत कुणी गेलं नाही. काका बाहेर आले, आम्हाला बघून लांबच थांबले. मग जवळ येऊन त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मुलगी गाडीत बसली ती तोंड फुगवून. "यू मिस्ड माय साँग," ती म्हणाली. आबांनी तिला गाणं तिथेच म्हणायला लावलं. तिनं अर्धं म्हटलं आणि बंद केलं.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला उसाची गोष्ट सांगितली. तो भाजी चिरत होता. सुरी तशीच हातात धरून त्यानं विचारलं, "गोठ्यात झोपायचे ते यामुळे?"

"तुला माहीत होतं?"

"झोपायचे ते माहीत होतं. मला वाटायचं आमच्यापेक्षा त्यांना बैल आवडतात." मग तो खोलीतून अंगणात गेला, अंगणातून खोलीत आला, आबा बसले होते तिथे जाऊन टीव्हीचा आवाज उगाच कमीजास्त केला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं ऑफिसातून रजा घेतली आणि हॉस्पिटलला गाडी त्यानं नेली.

आबा नोव्हेंबरअखेर परत गेले. पायाचं कारण सांगून ते पुन्हा आले नाहीत. मुलाला वर्षभर आम्ही आळीपाळीनं नेत राहिलो, मग तो स्वतः जायला लागला, आणि एके दिवशी पश्चिम टेक्ससमध्ये मामाच्या कापसाच्या जिनिंगवर काम करायला निघून गेला. पोलिसांच्या त्या दिवसाचं आमच्या ग्रीन कार्डवर काहीही झालं नाही. ते उशिरा यायचं तसं उशिरा आलं. पण ते हातात पडेपर्यंत दाराची बेल वाजली की मी आधी पडद्याआडून बघायची, आणि खरं सांगायचं तर नंतरही बघत राहिले.

पुढे नवऱ्याला कॅलिफोर्नियात नोकरी मिळाली आणि आम्ही फ्रीमाँटला आलो. मला कामाची परवानगी मिळाली, एका प्रयोगशाळेत मी नोकरी धरली. दोन हजार आठच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, काकूंचा फोन आला. पुन्हा एक निवडणूक होऊन गेली होती. या वेळी त्या जिंकल्या होत्या, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. काकांच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. मुलाबद्दल मी विचारलं.

"काम करतो. सणाला येतो," त्या म्हणाल्या. "अर्धं जेवण होतं, मग म्हणतो जरा फिरून येतो. जातो आणि परत येतो. पूर्वी मी खिडकीत उभी राहायचे. आता ताट झाकून ठेवते." मग त्यांनी विचारलं, "सार्जंट कसे आहेत?"

"बरे आहेत. अजून पहाटे उठून सगळ्या गावाला वळसा घालून येतात. शेतातल्या विहिरीवर झाकण नाही म्हणून ग्रामपंचायतीशी भांडण चाललंय."

त्या हसल्या. मागे कुठेतरी गाडीचा आवाज आला, दार आपटल्याचा आला. "तो आलाय वाटतं," त्या म्हणाल्या. "यंदा एक दिवस आधीच." आणि फोन ठेवायची माफी मागून त्यांनी तो ठेवलाही.